तोंड उघडा, तीन बोटं जातात का?

कॅन्सर म्हटलं की शिरूर तालुक्यातला माणूस पटकन मुंबईच्या टाटा रुग्णालयाचं नाव घेतो. उपचारांसाठी ते नाव १९४१पासून भरवशाचं आहे. पण हा आजार टाळण्याचं आणि वेळेत पकडण्याचं बरंचसं काम तालुक्यातल्या कवठे येमाईसारख्या गावातच होऊ शकतं. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, उपकेंद्रं आहेत, घरोघर फिरणारी आशाताई आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्याजोगे असतात. आड येतात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले गैरसमज.

गैरसमज : विडी-सिगारेट वाईट, मशेरीनं तर दात साफ होतात.

वस्तुस्थिती : तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटली तरी तंबाखू ही तंबाखूच राहते. मशेरी हिरडीला लावली की तिच्यातलं निकोटिन आणि कर्करोगकारक द्रव्यं थेट तोंडाच्या आतल्या त्वचेला भिडतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं बिनधुराची तंबाखू आणि सुपारी या दोन्हींना कर्करोगकारक ठरवलं आहे. म्हणजे तंबाखू नसलेली सुपारीही निर्धोक नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपल्याकडचा खरा धोका धुरात कमी आणि डबीत, पुडीत जास्त आहे. गुटख्यावर राज्यात २०१२मध्ये बंदी आली, पण घरच्या मशेरीच्या डब्यावर बंदी घरच्यांनीच घालायची असते.

गैरसमज : दुखत नाही, म्हणजे काही नाही.

वस्तुस्थिती : सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखतच नाही. तोंडाची तपासणी तर घरीही करता येते. चूळ भरून उजेडात आरशासमोर उभं राहावं. गाल बोटानं बाजूला ओढून आतून पाहावा, मग हिरड्या, जीभ, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ दिसली तर डॉक्टर गाठावा. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील, तिखट लागताच आग होत असेल, तर सुपारी-गुटख्यानं गालाची त्वचा आखडत चालल्याची ती खूण असू शकते. या टप्प्यावर व्यसन सुटलं तर पुढचा धोका कमी होतो.

गैरसमज : निर्व्यसनी, शाकाहारी बाईला कॅन्सर कशाला होईल?

वस्तुस्थिती : भाजीपाला, कडधान्यं, आटोक्यातलं वजन, अंगमेहनत आणि दारूपासून लांब राहणं या सगळ्यानं धोका कमी होतो, शून्य होत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे तर एचपीव्ही हा विषाणू असतो. शरीरसंबंधातून होणारा त्याचा संसर्ग अगदी सर्रास आढळतो; त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा पंचनामा करण्याचं कारण नाही. बहुतेकींच्या शरीरातून हा विषाणू आपोआप जातो, काहींच्या शरीरात वर्षानुवर्षं ठाण मांडतो. त्यावर लस आहे आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली ‘सर्वाव्हॅक’ २०२३पासून उपलब्ध आहे. मुलींना ती ९ ते १४ या वयात देणं सर्वांत फायद्याचं. मात्र लस घेतली तरी पुढे तपासणी चुकवायची नाही.

गैरसमज : खेड्यात तपासणी करून काय उपयोग?

वस्तुस्थिती : याचं उत्तर खेड्यांनीच दिलं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. दवाखान्यात बसून नोंदी मिळणार नव्हत्या. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, बैठका घेऊन लक्षणं समजावली आणि संशयित रुग्णांना तपासणीला आणलं. रुग्ण आधीच्या टप्प्यातच सापडू लागले.

त्यानंतर १९९९पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ४९७ गावांत मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रिया त्यात होत्या. एका गटाची फक्त एकदा एचपीव्ही चाचणी झाली आणि दोष आढळलेल्यांवर उपचार झाले. आठ वर्षांनी पाहिलं, तेव्हा त्या सुमारे ३४ हजार जणींत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले होते. नेहमीच्याच सेवा मिळालेल्या सुमारे ३१ हजार जणींच्या गटात ते ६४ होते. २००९मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांची दखल घेतली गेली.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयानं आणखी साधी पद्धत वापरली. दहावी शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण दिलं. त्या गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावायच्या. मिनिटभरात तिथे पांढरा डाग उमटला, तर पुढच्या तपासणीला पाठवायच्या. एवढ्यानं या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

गैरसमज : तुकडा काढला, हत्यार लागलं, की कॅन्सर पसरतो.

वस्तुस्थिती : तुकडा तपासल्याशिवाय बहुतेक कॅन्सरचं पक्कं निदानच होत नाही, आणि त्यामुळे तो पसरल्याचा पुरावा जवळजवळ नाही. पसरतो तो अंगारे-धुपारे आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ यांत गेलेल्या वेळामुळे. खर्चाचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अंगीकृत रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन हे सारं त्यात येतं. तेव्हा रेशनकार्ड आणि आधारकार्ड हाताशी असू द्यावं.

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तदाब आणि मधुमेहाबरोबर तोंडाची, तसंच स्त्रियांची स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत व्हायची असते. आशाताई माहितीचा अर्ज भरायला आली, तर तंबाखूचा रकाना खरा भरा आणि तपासणीची तारीख विचारून घ्या. घरातल्या आजी-मावशींनाही सोबत न्या. मशेरीचा डबा बहुधा त्यांच्याकडेच असतो.