सिरपच्या डब्यापासून थेट जवाच्या दाण्याकडे: घरच्या बिअरचं गणित आणि उज्जैनचा कायदा

उज्जैन : महानगरपालिका हद्दीतली दारूची दुकानं आणि बार १ एप्रिल २०२५ पासून बंद आहेत. जानेवारी २०२५ मध्ये महेश्वरला मंत्रिमंडळाची बैठक झाली. तिथे मध्य प्रदेश सरकारने ओंकारेश्वर, मैहर, चित्रकूट, ओरछा अशा १९ नगरं-गावांसाठी हा निर्णय घेतला, त्यात उज्जैनही आहे. भैरवगडच्या कालभैरवाला मद्याचा नैवेद्य मात्र आजही चढतो. भाविक बाटली बाहेरून आणतात, एवढाच फरक.

दुकानं बंद झाली की "मग घरीच बनवली तर?" हा प्रश्न हमखास निघतो. शिंदेशाहीपासून उज्जैनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांतली बरीच मुलं आज पुण्या-बंगळूरला, नाहीतर परदेशात आहेत. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, बिअर घरी करता येते. तिथे किटवर हात बसलेला मुलगा सुट्टीत घरी येतो आणि म्हणतो, "आई, मोठं पातेलं कुठंय?"

त्याला आधी कायदा सांगायला हवा. मध्य प्रदेश आबकारी अधिनियम, १९१५ प्रमाणे परवान्याशिवाय कुठलंही मद्य बनवणं गुन्हा आहे आणि बिअर मद्यातच मोडते. साठा ५० लिटरच्या वर असेल तर किमान एक वर्षाची कैद आहे. वीस लिटरला शिक्षा कमी, पण गुन्हा तोच. दारू बनवण्याच्या हेतूने साहित्य बाळगलं तरी कारवाई होते. आदिवासींना घरगुती वापरासाठी दारू गाळण्याची सवलत आहे, पण ती शहरातल्या हौशी माणसाला लागू नाही. सीमा ओलांडून महाराष्ट्रात आलात तरी सुटका नाही. तिथे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यालाही परवाना लागतो. गुजरातबद्दल तर बोलायलाच नको. म्हणजे पुढची कृती जिथे कायदा परवानगी देतो तिथल्यांसाठी, किंवा मायक्रोब्रुअरीच्या काचेपलीकडे काय चाललंय हे समजून घेणाऱ्यांसाठी.

किटमध्ये काय असतं? माल्ट एक्स्ट्रॅक्ट. जवाला (आपल्याकडे सातूही म्हणतात) मोड आणायचे, ते वाळवायचे, भाजायचे, की झाला माल्ट. नाचणी सत्त्वासाठी आपण करतो तेच. कारखाना हा माल्ट गरम पाण्यात भिजवून गोड रस काढतो आणि तो आटवून काकवीसारखा घट्ट करतो. घरी फक्त पाणी घालून उकळायचं, हॉप्स टाकायचे, गार करायचं, यीस्ट सोडायचं. सोपं आहे, पण चव कारखान्याने आधीच ठरवलेली असते. सिरप जुना झाला किंवा उन्हात तापला तर काळवंडतो आणि बिअरला शिळा गोडसर वास येतो. मे महिन्यात मालव्यातून फिरून आलेल्या पार्सलचं काय होत असेल, सांगायला नको.

धान्यापासून करायचं म्हणजे कारखान्याचं ते मधलं काम स्वतः करायचं, आणि खरी मजा तिथेच आहे. वीस लिटर बिअरला साधारण पाच किलो माल्ट लागतो. तो भरडायचा, पीठ करायचं नाही. फोलपटं शाबूत राहिली पाहिजेत, कारण नंतर रस गाळायला तीच गाळणी होतात. पीठ झालं की सगळं चिकटून बसतं, कुरडईच्या चिकासारखं.

मग भरड ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायची. मोड येताना दाण्यात तयार झालेली दोन विकरं इथे कामाला लागतात आणि पिष्टाची साखर करतात. त्यातलं एक ६५ च्या खालीवर जोरात चालतं आणि यीस्टला पचणारी साखर देतं, त्यामुळे बिअर कोरडी आणि कडक होते. दुसऱ्याला थोडी जास्त उष्णता आवडते. ते यीस्टला न पचणारे तुकडे मागे ठेवतं आणि बिअरला भरीवपणा येतो. दोन-तीन अंशांनी चव बदलते, म्हणून थर्मामीटर चांगला घ्यायचा. पाणी ८० अंशांवर गेलं तर विकरं मरतात आणि हाती नुसती पेज उरते. रसाच्या थेंबावर टिंक्चर आयोडीन टाकून बघायचं. निळं-काळं झालं तर पिष्ट शिल्लक आहे, अजून थांबायचं.

नवख्याने तीन-तीन भांड्यांचा पसारा मांडू नये. ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी रुळवलेली पिशवीची पद्धत पुरते. मोठ्या पातेल्यात कापडी पिशवी, पिशवीत भरड, तासाभराने पिशवी उचलून निथळायची. थोडी साखर दाण्यात राहून जाते, तर मूठभर माल्ट जास्त घ्यायचा. पुढे तासभर उकळी, हॉप्स, झटपट गार करणं, यीस्ट. हे किटसारखंच.

पाण्याकडे मात्र लक्ष हवं. सिरपमध्ये कारखान्याच्या पाण्याचे क्षार आधीच असतात, त्यामुळे किटवाल्याला पाण्याचा विचार करावा लागत नाही. धान्यवाल्याला करावा लागतो. मालव्यातलं काळ्या दगडातलं बोअरचं पाणी जड असतं. त्याने भरडीचा सामू ५.२ ते ५.६ च्या वर चढतो आणि फोलपटातला तुरटपणा उतरतो. फिकट बिअरला आरओचं पाणी मिसळणं बरं. मालव्याचा काठिया गहू बाफल्यांना उत्तम, पण गव्हाला फोलपट नाही. नुसत्या गव्हावर रस गाळणं कठीण, निम्म्याला जव हवाच.

एक भीती वारंवार बोलून दाखवली जाते, तिला उज्जैनमध्ये कारणही आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये इथे 'झिंझर' नावाची विषारी दारू पिऊन डझनाहून अधिक माणसं गेली. त्यात बहुतेक मजूर आणि फुटपाथवर राहणारे होते. २०२१ मध्ये राज्याने विषारी दारूच्या मृत्यूंसाठी जन्मठेप-फाशीपर्यंतची तरतूद केली. पण झिंझर धान्य आंबवून झालेली नव्हती, ती औद्योगिक स्पिरिटची होती. धान्य आंबवून, न गाळता केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असतं. बिअरमधला खरा धोका काचेचा आहे. आंबणं पुरतं होण्याआधी बाटलीत भरली तर बाटली फुटते.

आणि तापमानाचा. बहुतेक एल यीस्टला १८ ते २० अंश लागतात. उज्जैनचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. तीस अंशांवर आंबलेली बिअर डोकं धरायला लावते आणि तिला थिनरसारखा वास येतो. त्यामुळे मालव्यासारख्या हवेत फ्रीजशिवाय हंगाम डिसेंबर-जानेवारीचाच.

पिशवीत उरलेला ओला चोथा आठ-नऊ किलो भरतो. गाई-म्हशी आवडीने खातात, पण त्याच दिवशी घालावा. उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी तो आंबलेला असतो.