खाटेखालचं मशीन

राजुऱ्यातल्या या अंगणात आज विमानतळ मांडलाय. खरा विमानतळ नागपूरला, पावणेदोनशे किलोमीटरवर. तालुक्यातल्या मूर्ती गावाजवळच्या प्रस्तावित विमानतळाच्या आम्ही नुसत्या गप्पा ऐकतो. प्रवासी दहा वर्षांचा, ऑटिझम असलेला. पुढच्या आठवड्यात त्याला बंगळुरूला जायचंय. समोर उभी त्याची मामेबहीण, नागपुरात एका विमान कंपनीच्या काउंटरवर काम करणारी. झडती सीआयएसएफवाले घेतात. आज तेही काम तिच्याकडेच.

ती सवयीनं सुरू करते, "बेल्ट काढा, मोबाईल ट्रेमध्ये, हात वर, पुढे या..."

तो कानांवर तळवे दाबून भिंतीकडे वळतो. "राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर." एसटीची पाटी.

"त्याले ऐकू येते, बाई," तिची आत्या, म्हणजे त्याची आई, म्हणते. "एका दमात चार कामं सांगतली तं त्यानं कोणतं करावं? एक सांग. मंग थांब."

थांबणंच पोरीला जड जातं. मागं रांग असल्यासारखी ती चुळबुळते. मागं फक्त एक कोंबडी आहे.

"आता ही दांडी तुझ्या हाताजवळ आणते. टोचणार नाही." टॉर्च दोन बोटं लांब थांबते. तो तिच्याकडे नाही, टॉर्चकडे बघतो. बऱ्याच वेळानं हात आडवे होतात.

आत्याला नियम पाठ आहेत. मे २०२२ मध्ये रांचीत एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नाही, तेव्हा डीजीसीएनं त्या कंपनीला ५ लाखांचा दंड केला. आता निव्वळ दिव्यांग म्हणून कुणाला नाकारता येत नाही. तब्येतीची शंका असेल तर आधी डॉक्टरांनी तपासायचं. मदत हवी असल्याचं ४८ तास आधी कळवायचं, तेही तिनं केलंय. बुकिंगवर 'डीपीएनए' ही खूण पडते. "पण खूण वाचून माणूस काय करते, थे पाहा लागते," ती म्हणते. मला तिचंच पटतं. बंगळुरूच्या विमानतळावर अशा प्रवाशांसाठी गळ्यात घालायचा सूर्यफुलांचा पट्टा मिळतो. तोही बघणाऱ्याला कळला तर उपयोगाचा.

आता स्टीलचा गिलास. दुसऱ्या कशातून तो पाणी पीत नाही.

"रिकामा न्या आत्या, तपासणी झाल्यावर भरू."

"अन् मशीनमध्ये गेला का? हा मागं धावन."

मग परात येते. गिलास ठेवलेली परात खाटेखाली सरकते आणि तो पोटावर पडून तिच्यामागं शिरू लागतो. दुसऱ्यांदा ताई आधी सांगते, "इथून जातो, तिथून निघतो. तू तिथं." तो वळसा घालून पलीकडे बसतो. परात खरखरत बाहेर येते. गिलास उचलून तो तळ तपासतो.

तिसऱ्या फेरीला परातीत ताईची चप्पल आहे.

"ताई, तिथं," तो खाटेपलीकडे बोट दाखवतो.