सातपुड्याच्या पायथ्याचा रस्ता

मुलांनो, शहाद्याहून तळोद्याला जाताना बसच्या खिडकीतून कधी बाहेर पाहिले आहे का? हा रस्ता मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर आणि गुजरातमधील अंकलेश्वर या शहरांना जोडतो. १९९८ साली तयार झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात तो शहादा, तळोदा व अक्कलकुवा या तालुक्यांतून जातो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये ऊस, केळी व पपईची शेते!

जमीन सपाट असली, तरी येथे रस्ता बांधणे सोपे नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि तिला भेगा पडतात. म्हणून आधी मुरूम व खडीचे थर दाबून पाया पक्का करतात. मग डांबर टाकतात.

सातपुड्यातून गोमाईसारख्या नद्या तापीकडे धावतात. त्या रस्त्याला आडव्या येतात. त्यांच्यावर पूल बांधावे लागतात. खेड्यांच्या वाटांवर, लहान ओढ्यांवर मात्र बुटकी फरशी असते. डोंगरात पाऊस झाला, की गावात ऊन असले तरी फरशीवर अचानक पाणी चढते. गुडघाभर पाण्याची धारही माणसाला ओढून नेते. अशा वेळी घाई करू नका. पाणी ओसरेपर्यंत काठावरच थांबा. घरी उशिरा पोहोचलात तरी चालेल. पण सुखरूप पोहोचा.