ते जुलाब नव्हते!

मैत्रिणींनो, आजारी माणसाचं औषध तुम्ही कधी आपल्या मनानं बंद केलंय? मी केलंय. माझ्या मामंजींना लिव्हरचा सिरोसिस आहे. (दारूचा थेंबही न घेतलेला माणूस! सिरोसिस म्हटलं की लोक नजरेनंच विचारतात, म्हणून आधीच सांगते. मधुमेह, लठ्ठपणा, ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची कावीळ यांनीही तो होतो.) डॉक्टरांनी लॅक्ट्युलोज नावाचं काकवीसारखं गोड, दाट औषध दिलं होतं. दिवसातून तीनदा शौचाला होऊ लागलं, तशी मी म्हटलं, अशक्त माणसाला हे जुलाब कशाला? बाटली फडताळात ठेवली आणि पेज सुरू केली.

चौथ्या दिवशी ते दिवसभर झोपले आणि रात्री दोनला उठून अंगणात, “होडी खंय गेली?” विचारत फिरू लागले. होडी विकून वीस वर्षं झालीत! तातडीनं इस्पितळात नेलं. डॉक्टर रागावले नाहीत, पण म्हणाले, “बाई, ते जुलाब नव्हते. तोच तर उपचार होता.”

मग त्यांनी समजावलं ते असं. आपल्या आतड्यातले असंख्य जिवाणू अन्नातल्या प्रथिनांपासून अमोनिया तयार करतात. धडधाकट यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे जातो. यकृत थकलं की अमोनिया रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो. मग झोपेची उलटापालट, हात थरथरणं, भ्रम, शेवटी बेशुद्धी. दुधातल्या साखरेपासून केलेलं लॅक्ट्युलोज आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवून आम्ल करतात, त्या आम्लात अमोनिया अडकतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. १९६६ पासून या भ्रमावर ते वापरात आहे. दिवसाला दोन-तीन वेळा मऊसर शौचाला होणं, हेच त्याचं माप. पाण्यासारखं झालं किंवा मुळीच झालं नाही, तर डॉक्टरांना विचारून मात्रा बदलायची.

या जिवाणूंवर आता पुष्कळ संशोधन चाललंय. २०१४ साली चिनी संशोधकांना सिरोसिसच्या रुग्णांच्या आतड्यात एरवी तोंडात राहणारे जिवाणू मोठ्या प्रमाणात सापडले. तेव्हापासून मामंजींचे दात आणि हिरड्या हे माझं खातं! दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हर अँड बिलिअरी सायन्सेसमधल्या डॉक्टरांनी तर दारूमुळे यकृत गंभीर सुजलेल्या आठ रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू नळीनं दिले. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वाचताना माझा पदर नाकाला लागला, पण निकाल आशादायक होते. अर्थात आठच रुग्ण, आणि हे इस्पितळातच करायचं काम.

आपल्या हाती आहे ते स्वयंपाकघर. पूर्वी अशा रुग्णाची डाळ, मासे बंद करत. आता उलट सांगतात, कारण प्रथिनांवाचून स्नायू झिजतात. म्हणून आमच्याकडे कुळथाची पिठी, ताक, चवळी, ताजी मासळी चालते आणि झोपण्यापूर्वी थोडं काहीतरी खायला देते. रात्रभर पोट रिकामं ठेवायचं नाही. पोटात पाणी झालंय म्हणून खारा बांगडा आणि लोणचं मात्र गेलं. त्यावर सासूबाई म्हणतात, “मीठ नाय तर जेवण कसला!”

आणि किनाऱ्यावरच्या आपण बायकांनी एक जपावं. कालवं, तिसऱ्या यकृताच्या रुग्णाला अर्धकच्च्या कधीच देऊ नयेत. उबदार समुद्रात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात; आपण पचवू, पण अशा माणसाच्या ते जिवावर बेततात. पायाला जखम असताना खाऱ्या पाण्यात उतरणंही तसंच.

डॉक्टरांकडे १ ते २५ आकडे क्रमानं जोडायची चाचणी असते. मी पडले मास्तरीण, म्हणून घरी वही घातली. रोज सकाळी मामंजी नाव, गाव, तारीख लिहितात. परवा ‘मालवण’मध्ये ‘ण’ दोनदा आला आणि अक्षर ओळीखाली घसरलं. आदल्या दिवसापासून शौचाला झालं नव्हतं. लगेच डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तशी मात्रा वाढवली. दुसऱ्या दिवशीचं पान सरळ होतं.