साचेखात्यातील सात जण

काम वाढले की माणसे वाढवावीत, माणसे वाढली की देखरेख वाढवावी आणि देखरेखही पुरेना झाली की आवाज वाढवावा, हा पेढीवरचा जुना रिवाज आहे. त्यापलीकडे या विषयात काही शास्त्र असू शकते, हे अनेक व्यापारी घरांच्या गावीही नसते. मानसशास्त्र म्हटले की तेथे अजून वेड्यांचा डॉक्टर आठवतो, आणि 'कोचिंग' म्हटले की दहावीच्या मुलांचे शिकवणीवर्ग. वास्तविक कामाच्या ठिकाणच्या मानसशास्त्रातील एक जगप्रसिद्ध प्रयोग भारतात झाला, तोही एका जैन उद्योगपती घराण्याच्या कापडगिरणीत. परदेशी विद्यापीठांतील ग्रंथांत त्याचा उल्लेख 'अहमदाबादचा प्रयोग' या नावाने येतो. आपल्याकडे मात्र तो फारसा कोणाला ठाऊक नाही.

अहमदाबादचे साराभाई घराणे आणि त्यांची कॅलिको मिल ही नावे वाचकांना परिचित असतील. या घरात मालक आणि मजूर यांच्यातील नात्याचा प्रश्न केवळ हिशेबाचा नव्हता. तो जेवणाच्या पाटापर्यंत पोहोचलेला होता. १९१८ साली प्लेगच्या काळातील बोनस बंद झाला, मजुरांनी वेतनवाढ मागितली आणि संप पेटला, तेव्हा मालकांच्या बाजूने उभे होते अंबालाल साराभाई, तर मजुरांच्या बाजूने त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. मध्यस्थ आणि नेते म्हणून गांधीजी होते. या संपातूनच पुढे १९२० साली 'मजूर महाजन' ही संघटना उभी राहिली. व्यापाऱ्यांच्या पंचायतीचा 'महाजन' हा शब्द मजुरांनी आपल्या संघटनेसाठी घ्यावा, यातही त्या शहराचा स्वभाव दिसतो.

पुढच्या पिढीने हा प्रश्न वेगळ्या अंगाने हाती घेतला. विक्रम साराभाई अवकाश संशोधनामुळे सर्वांना माहीत आहेत. परंतु १९४७ साली अहमदाबादच्या गिरण्यांसाठी 'अटिरा' ही संशोधनसंस्था उभारण्यात त्यांचाच पुढाकार होता. सूत, रंग आणि यंत्रे यांच्या संशोधनाबरोबर या संस्थेत मानसशास्त्राचाही एक विभाग असावा, हा त्या काळी विलक्षण वाटणारा विचार तेथे अमलात आला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेल्या कमला चौधरी यांच्याकडे त्याची सूत्रे होती. गिरणीच्या खात्यात जाऊन मुकादम आणि विणकर यांच्याशी बोलणारी एक तरुण विदुषी, हे दृश्य त्या दिवसांत किती जणांच्या भुवया उंचावणारे असेल! १९६१ साली अहमदाबादेत भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या अध्यापकांतही कमला चौधरी होत्या. इकडे गौतम साराभाई आणि त्यांच्या पत्नी कमलिनी यांनी १९५१ साली बी. एम. इन्स्टिट्यूट ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. कॅलिको मिलचा कारभार पाहणाऱ्या गौतमभाईंचा लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेशी संबंध आला, आणि तेथून ए. के. राइस नावाचे संशोधक १९५३ साली अहमदाबादेत दाखल झाले.

त्यांच्यापुढचा प्रश्न सरळ होता. मिलने नवे स्वयंचलित माग बसवले होते. यंत्रे उत्तम, कामगार अनुभवी, तरीही उत्पादन अपेक्षेइतके होत नव्हते आणि खराब कापडाचे प्रमाण मोठे होते. एखाद्या मालकाने यावर 'कामगार आळशी झाले' असा निकाल देऊन विषय मिटवला असता. राइस यांनी कामगारांकडे न पाहता कामाच्या मांडणीकडे पाहिले. एका साचेखात्यात २२४ माग होते आणि त्यांच्यावर २९ माणसे. ही माणसे बारा निरनिराळ्या कामांत वाटलेली. कोणी फक्त तुटलेला धागा जोडणार, कोणी फक्त कांड्या भरणार, कोणी तेल घालणार, कोणी कापड उचलून नेणार. प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या मागांची संख्याही वेगळी. त्यामुळे एका विणकराला दिवसभरात निरनिराळ्या कांडीवाल्यांवर अवलंबून राहावे लागे आणि त्या कांडीवाल्याला निरनिराळ्या विणकरांची हाक ऐकावी लागे. कोण कोणाचा, याचा पत्ता नाही. कापड बिघडले तर ते कोणाचे बिघडले, हे सांगणेच अशक्य. म्हणून ते कोणाचेच बिघडत नसे.

राइस यांनी दुभाष्यामार्फत एका चर्चेत कल्पना मांडली: ठरावीक मागांचा एक संच ठरावीक माणसांच्या एका गटाकडे सोपवला तर? पुढे जे घडले ते या साऱ्या हकिगतीतील सर्वांत महत्त्वाचे आहे. तपशील आखण्याचे काम ना साहेबाने केले ना मालकाने. साचेखात्यातील माणसांनीच ती कल्पना उचलली, दुसऱ्या दिवशी आपली योजना घेऊन आले आणि ती राबवण्याची परवानगी मागितली. कोण कोणाबरोबर काम करणार, हेही त्यांनीच ठरवले. साठ-पासष्ट मागांमागे सात जण, असे छोटे गट झाले. बारा कामांच्या भिंती पडल्या. गटातील एकाने दुसऱ्याला हात द्यावा, काम शिकून घ्यावे, अडलेला माग सर्वांनी मिळून चालू करावा, अशी रीत पडली. वेतनाची पद्धतही वाटाघाटीने बदलली. सुरुवातीचे दिवस अडचणीचे गेले. मात्र घडी बसल्यावर खात्याची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत चढली आणि खराब कापडाचे प्रमाण सरासरी ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. राइस यांनी १९५८ साली या प्रयोगावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

यावर आक्षेपही घेतले गेले. वेतन वाढले म्हणून काम वाढले असेल, असे काही अभ्यासकांनी म्हटले, आणि व्यापारी मनालाही ते प्रथम पटते. आक्षेप अगदीच पोकळ नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर कशाचा किती वाटा, हे वेगळे काढणे कठीणच. परंतु केवळ पैशाने तुटलेला धागा लवकर दिसत नाही. तो दिसावा यासाठी तो धागा 'आपला' असावा लागतो.

पेढीवरचे चित्र याहून फार निराळे नसते. एखाद्या घाऊक कापडाच्या किंवा किराणा मालाच्या दुकानात फोनवर मागणी घेणारा एक, गोदामातून माल काढणारा दुसरा, बिल करणारा तिसरा, गाठी बांधणारा चौथा आणि ट्रान्सपोर्टला पोहोचवणारा पाचवा. बार्शीच्या गिऱ्हाइकाला दोन गाठी कमी गेल्या की पाचही जण एकमेकांकडे बोट दाखवतात आणि शेठजींचा रक्तदाब वाढतो. शेठजी मग पाचांवर सहावा नेमतात, तो म्हणजे देखरेख करणारा. अहमदाबादचा मार्ग वेगळा आहे. पाच जणांना पाच कामे वाटण्याऐवजी दोन जोड्या करून एकीकडे सोलापूर जिल्ह्याची गिऱ्हाइके आणि दुसरीकडे साताऱ्याची सोपवली, मागणीपासून वसुलीच्या फोनपर्यंत सारे त्यांचेच केले, तर बार्शीचा व्यापारी हा कोणाचा तरी व्यापारी होतो. अर्थात प्रत्येक दुकानात हे जमेलच असे नाही. सोन्याच्या पेढीवर तिजोरी आणि हिशेब एकाच हाती देणे हा शहाणपणा नव्हे. तेथे कामाची विभागणी मुद्दाम केलेली असते आणि ती राहिलीच पाहिजे.

मनाच्या स्वास्थ्याशी याचा संबंध कसा, असे कोणी विचारील. १९६७ साली लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील हजारो नोकरांचा एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. मोठ्या साहेबांवर ताण जास्त, म्हणून हृदयविकारही त्यांनाच जास्त, असा सर्वसाधारण समज होता. निष्कर्ष उलटा निघाला: खालच्या पायरीवरील नोकरांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरच्यांपेक्षा कितीतरी अधिक होते. विडी-सिगारेट, रक्तदाब यांचा वाटा वेगळा काढल्यावरही फरक पुरता पुसला गेला नाही. १९७९ साली रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन अभ्यासकाने यामागचे एक सूत्र मांडले. काम भरपूर असणे हे एकटे तितके घातक नाही. काम भरपूर आणि त्याबाबत ठरवण्याचा अधिकार शून्य, ही जोडी माणसाला पोखरते. पंचवीस वर्षे दुकानात काढलेल्या मुनीमजींना दोनशे रुपयांची सूट द्यायची असली तरी मालकाच्या फोनची वाट पाहावी लागते, तेव्हा हेच घडत असते. आणि दुकानात नव्याने बसू लागलेल्या मुलाचेही तेच. खुर्ची मिळालेली असते, शब्दाला किंमत मात्र नसते. अशा घरांत बाप म्हणतो, मुलाचे लक्ष नाही. मुलगा काहीच म्हणत नाही, तो मोबाइल पाहत बसतो.

येथे कोचिंगचा विषय येतो. या अर्थाच्या कोचिंगचा जन्म टेनिसच्या मैदानावर झाला, असे म्हणता येईल. टिमोथी गॅलवे या अमेरिकन प्रशिक्षकाच्या लक्षात आले की, 'मनगट असे धर, पाय तसा ठेव' अशा सूचनांचा भडिमार केला की खेळाडू अधिक आखडतो. उलट चेंडू कसा येतो याकडे त्याचे लक्ष वेधले आणि गप्प राहिले की त्याचे शरीर आपोआप सुधारणा करू लागते. १९७४ साली त्यांचे पुस्तक निघाले. पूर्वी मोटारशर्यतीत भाग घेणारे सर जॉन व्हिटमोर यांनी ही पद्धत ब्रिटनमध्ये नेली, कचेऱ्या-कारखान्यांत आणली आणि १९९२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यातील प्रश्नांचा क्रम आज जगभर वापरला जातो: काय साधायचे आहे, सध्या स्थिती काय आहे, कोणकोणते मार्ग आहेत, आणि त्यांतले कोणते पाऊल केव्हा टाकणार.

वाचायला हे अगदी साधे वाटते. अवघड आहे ते प्रश्न विचारून गप्प बसणे. वसुली थकली आहे, मुलगा समोर बसला आहे, आणि वडिलांना उत्तर ठाऊक आहे. अशा वेळी 'तुझ्या मते कोणत्या तीन गिऱ्हाइकांकडे आधी जायला हवे?' एवढे विचारून दोन मिनिटे थांबणे हे कसलेल्या व्यापाऱ्यालाही जड जाते. मुलाचे उत्तर चुकीचे निघाले तरी नुकसान मर्यादित असेल, अशी कामे आधी निवडावीत. पहिल्याच महिन्यात मोठी उधारी त्याच्या हाती देऊन 'बघा, जमले नाही' म्हणणे हा न्याय नव्हे. हीच गोष्ट नोकरांच्या चुकांची. संवत्सरीला मुनीमजींना हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणणारे शेठजी पुष्कळ असतात. परंतु त्याच मुनीमजींनी 'माझ्याकडून बिल चुकले' असे कार्तिक महिन्यात निर्धास्तपणे सांगितले तर काय होते, यावर त्या पेढीची खरी स्थिती कळते. अमेरिकेतील एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करताना आढळले की चांगल्या गटांतच चुकांची नोंद अधिक होती. तेथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या लपवल्या जात नव्हत्या, असा उलगडा त्यांना पुढे झाला.

बाहेरचा कोच नेमायचा झाल्यास मात्र डोळे उघडे ठेवावेत. भारतात कोच म्हणवून घेण्यासाठी कोणत्याही सरकारी परवान्याची गरज नाही. दोन दिवसांचे शिबिर करून पाटी लावणारेही आहेत आणि वर्षानुवर्षे अभ्यास केलेलेही. मोठ्या सभागृहात टाळ्या वाजवून घेणारे भाषण म्हणजे कोचिंग नव्हे. त्याचा उत्साह बहुधा सोमवारच्या दुपारपर्यंत टिकतो. कोच किती काळ, किती वेळा भेटणार, आधी कोणाकोणाबरोबर काम केले आहे, आणि तीन महिन्यांनी दुकानात नेमका कोणता फरक दिसायला हवा, हे आरंभीच ठरवावे. कौटुंबिक व्यवसायात आणखी एक पेच असतो. फी वडील देतात आणि बोलतो मुलगा. मुलाने विश्वासाने सांगितलेले वडिलांच्या कानी जाणार का? याचे उत्तर तिघांनी समोरासमोर बसून, शक्य तर लेखी, पहिल्याच भेटीत निश्चित केले नाही तर मुलगा कोचसमोरही मोबाइलच पाहत बसेल.

अहमदाबादच्या प्रयोगाकडे एरिक मिलर या टॅव्हिस्टॉकच्याच संशोधकाने १९७० साली पुन्हा वळून पाहिले. एका खात्यात सतरा वर्षांनंतरही गटपद्धती आणि कामाची पातळी जवळजवळ तशीच टिकून होती; इतरत्र ती विरत गेली होती. म्हणजे एकदा घडी बसवली आणि मालक मोकळा झाला, असे या विषयात होत नाही. बाजार मंदावला, माल अडकला की जुनी सवय परत येते, आणि सर्वांत आधी ती मालकाच्याच अंगी परत येते.

कोचच्या कक्षेबाहेरचीही एक सीमा आहे. झोप उडाली आहे, आठवडेच्या आठवडे मन कशातच रमत नाही, भूक गेली आहे, कर्जाच्या विचाराने जगणे नकोसे वाटते, अशी लक्षणे दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसातही असू शकतात. नेहमीच्या हसतमुख चेहऱ्याआड ती घरच्यांनाही दिसत नाहीत. अशा वेळी प्रश्नोत्तरांत दिवस घालवू नयेत. मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. झालेला, औषधे देऊ शकणारा डॉक्टर असतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही, त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती विचारून घेण्यात संकोच करू नये. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती दिवसरात्र चालते आणि मराठीतूनही बोलता येते. दुकानात अग्निशामक दलाचा क्रमांक जेथे लिहिलेला असतो, त्याच्याच खाली हाही लिहून ठेवता येईल.