डबाबंद मांस आणि सीमाशुल्काचा क्रमांक

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फौंड्रीचे बिल हाती घेतले, तर मालाच्या नावाशेजारी चार किंवा सहा आकडे छापलेले दिसतात. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यानंतर हे आकडे लहान व्यापाऱ्यांच्याही परिचयाचे झाले. ते मुळात सीमाशुल्काच्या दरपत्रकातील आहेत. न्हावाशेवा बंदरात उतरणाऱ्या मांसाच्या डब्यांवर शुल्क आकारण्यासाठी हीच क्रमांकपद्धती वापरतात.

ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटना या पद्धतीची देखभाल करते. भारताने १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमात तिचा स्वीकार १९८६ साली केला. पहिले दोन आकडे प्रकरणाचे आणि पुढचे दोन शीर्षकाचे असतात; पहिले सहा आकडे जगभर सारखेच राहतात. निपाणीच्या वाचकांना तंबाखूचे उदाहरण जवळचे वाटेल. कच्चा तंबाखू २४०१ मध्ये मोडतो, त्याचीच विडी वळली की ती २४०३ मध्ये जाते. पान तेच, परंतु त्यावर झालेल्या संस्काराने क्रमांक बदलतो.

मांसाचेही तसेच आहे. ताजे, थंड केलेले, गोठवलेले, खारवलेले, वाळवलेले किंवा धुरी दिलेले मांस दुसऱ्या प्रकरणात येते. ते शिजवून वा अन्य रीतीने तयार केले की सोळाव्या प्रकरणात जाते : सॉसेज १६०१ मध्ये, इतर बहुतेक तयार मांस १६०२ मध्ये. डबा हे केवळ वेष्टन होय. डब्यात भरले म्हणून पदार्थ सोळाव्या प्रकरणात गेला, असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाही.

खरी अडचण मिश्र पदार्थांची. सॉसेज, मांस, मासळी आदींचे प्रमाण वजनाने २० टक्क्यांहून अधिक असेल, तरच तो खाद्यपदार्थ सोळाव्या प्रकरणाचा, असा नियम आहे. कोंबडी घातलेल्या शिजवलेल्या भाताचा ५०० ग्रॅमचा डबा घ्या. त्यात कोंबडी १२० ग्रॅम असेल, तर प्रमाण २४ टक्के होते आणि डबा १६०२ मध्ये बसतो. ९० ग्रॅम असेल, तर तो तयार धान्यपदार्थ म्हणून १९०४ कडे वळतो. बरोबर १०० ग्रॅम असल्यास काय? नियमात ‘अधिक’ असा शब्द आहे, म्हणून तो डबाही सोळाव्या प्रकरणाबाहेरच राहतो. एका चमच्याचा हा हिशेब कोणास हास्यास्पद वाटेल. परंतु शुल्काचा दर त्यावरच ठरतो. सूपला मात्र हा नियम लागू नाही. ते २१०४ मध्येच जाते.

२०११ पासून शुल्काची प्राथमिक आकारणी आयातदाराने स्वतःच करावयाची आहे. क्रमांक चुकला आणि शुल्क कमी भरले गेले, तर फरकाची रक्कम व्याजासह वसूल होते, प्रसंगी दंडही होतो. वाद सुटेपर्यंत माल बंदरात अडकला, तर त्याचे भाडे चढत राहते. मोठी कंपनी हे सोसू शकते. उसनवारीवर पहिलाच माल मागविणाऱ्याचे भांडवल त्यात बुडू शकते. म्हणून पदार्थातील घटकांचे वजनी प्रमाण उत्पादकाकडून लेखी मागवून घेणे इष्ट. शंका राहिल्यास आयातीपूर्वीच मुंबई किंवा दिल्ली येथील सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तो निर्णय अर्जदारावर व संबंधित सीमाशुल्क अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतो.

क्रमांक सापडला म्हणजे आयातीची मुभा मिळाली, असे मात्र नव्हे. मांसजन्य मालासाठी केंद्रीय पशुसंवर्धन विभागाचा आरोग्यविषयक आयात परवाना लागतो, अन्नसुरक्षेची तपासणीही होते. गोमांस व गोमांसयुक्त पदार्थ यांच्या आयातीस सर्वस्वी मनाई आहे. आखाती देशांतून सुटीवर येणाऱ्या आप्तांनीही हे ध्यानात ठेवावे. प्रवाशाच्या सामानातील शुल्कपात्र वस्तू ९८०३ या एकाच शीर्षकाखाली धरल्या जात असल्या, तरी ही मनाई त्यांनाही लागू आहे.