फोलेट : मुंबईच्या बाळंतिणींनी उलगडलेलं कोडं
(ताटातलं विज्ञान : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण लोहाबद्दल बोललो. अंगात रक्त कमी आहे म्हटलं की घरात, दवाखान्यात आधी लोहाचंच नाव निघतं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण रक्तक्षयाचा एक प्रकार असा आहे की त्यात रक्तपेशी लहान आणि फिक्या न होता उलट मोठ्या होतात, अर्धकच्च्या राहतात आणि संख्येने घटतात. या प्रकाराचं मूळ शोधण्याचं काम झालं ते आपल्या मुंबईत.

१९२८ साली डॉ. ल्युसी विल्स लंडनहून मुंबईत आल्या. गिरण्यांच्या त्या शहरात गरोदर बायकांना असा रक्तक्षय होत होता आणि त्यात कित्येकींचा जीव जात होता. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांचं काम चाललं. आधी त्यांना जंतुसंसर्गाची शंका आली, पण तपासात तसं काही हाती लागेना. मग त्यांनी या बायका रोज काय खातात याची चौकशी सुरू केली. दुखणं गरीब घरांत जास्त होतं, त्यातही गरीब मुस्लिम स्त्रियांमध्ये. त्यांच्या जेवणात ताजी भाजी, फळं आणि कसदार प्रथिनं फारच थोडी होती. त्याच धर्तीचा आहार माकडांना दिला तेव्हा त्यांनाही रक्तक्षय झाला, आणि यीस्टचा अर्क दिल्यावर ती सुधारली. हा अर्क म्हणजे इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात ते स्वस्त मार्माइट. पुढे तोच अर्क रुग्ण बायकांना दिला आणि त्याही बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये विल्स यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला नेमका पदार्थ कोणता हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला ‘विल्स घटक’ म्हणत.

पदार्थाचं नाव माहीत नसताना बाईंनी रोग्याचं ताट पाहिलं, याचं मला फार मोल वाटतं. आहारशास्त्रात इतकी सरळ आणि इतकी माणुसकीची पद्धत दुसरी नाही.

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून हा घटक वेगळा काढला गेला आणि पानावरून त्याला फोलिक आम्ल म्हणू लागले; फोलेट हे त्याच जीवनसत्त्वाचं अन्नातलं रूप. तो कारखान्यात तयार करण्याचं यश १९४०च्या दशकात लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेला मिळालं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रच्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. फोलेटचं काम अडवणारी औषधंही त्यांच्याच चमूने बनवली, आणि १९४७च्या अखेरीस डॉ. सिडनी फार्बर यांनी त्यातलं एक औषध रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना देऊन पाहिलं. काही मुलांचा आजार काही काळ मागे हटला. कर्करोगावरच्या औषधोपचाराची ती सुरुवात मानली जाते.

फोलेट अडवल्याने कर्करोगाला लगाम बसतो, यातच त्याचं शरीरातलं काम कळतं. पेशी दुभंगून दोन व्हायच्या तर आधी डीएनएची नवी प्रत लागते आणि ती तयार करायला फोलेट हवं. आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी जन्म घेतात. फोलेट अपुरं पडलं की पेशी वाढत राहते, पण वेळेवर दुभंगत नाही. ती मोठी, कच्ची पेशी विल्स यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होती.

गर्भाचं तर सगळं काम पेशी वाढण्याचंच. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे दिवस गेल्याचं अनेकींच्या लक्षात येण्याच्या सुमारास. फोलेट कमी असेल तर ती नळी उघडी राहण्याचा धोका वाढतो. ज्या मातांना आधी असं बाळ झालं होतं, त्यांना गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल दिल्यावर हा धोका ७२ टक्क्यांनी घटला, असं १९९१च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं. म्हणून गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून हवी. लग्न ठरलेल्या, मूल हवं असलेल्या मुलींना हे घरच्यांनी आणि डॉक्टरांनी आपणहून सांगायला हवं.

आपल्या देशातल्या आरोग्यसंस्थांच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २२० मायक्रोग्रॅम फोलेट लागतं, गरोदरपणी ५७०. हरभरा, मूग, चवळी, राजमा यांत ते भरपूर असतं, पालेभाज्यांतही. भातात मात्र नगण्य. फोलेट पाण्यात विरघळतं आणि फार उष्णतेने कमी होतं. पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी सिंकमध्ये ओतलं तर फोलेटचा मोठा वाटा त्याच्याबरोबर गेला. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, झाकण ठेवून अंगच्या पाण्यात वाफवावी. उकळलीच तर ते पाणी वरणात घालावं. कडधान्य भिजवून मोड आणले की त्यातलं फोलेट वाढतं. मटकीची उसळ म्हणूनच नुसत्या आमटीपेक्षा सरस.

पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथे फोलेटची कमतरता क्वचितच आढळली. डाळी-भाज्यांच्या आहारात ते स्वाभाविकच होतं. पण साठ टक्क्यांहून जास्त स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. फोलेट जास्त आणि ब-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक दिसलं. ही दोन जीवनसत्त्वं शरीरात एकमेकांच्या हातात हात घालून काम करतात. नुसतं फोलिक आम्ल घेतलं तर रक्त सुधारतं, पण ब-१२ नसल्याने मज्जातंतूंचं होणारं नुकसान चालूच राहतं आणि रक्ताच्या साध्या तपासणीत ते झाकलं जातं. दूध-दहीही बेताचंच मिळणाऱ्या शाकाहारी घरात फोलिक आम्लाची गोळी सुरू करताना ब-१२ तपासून घ्यावं, असा माझा आग्रह आहे.

पुढच्या लेखात याच ब-१२ बद्दल : ते कुठून येतं आणि शाकाहारी ताटात का कमी पडतं.